मुलाचा दमा, आईची वही

प्रश्न: मी 34 वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरीला आहे. मुलगा साडेपाच वर्षांचा. तो दोन वर्षांचा असल्यापासून सर्दी झाली की छाती भरते, घरघर लागते, पहाटे खोकल्याची उबळ येते. गेल्या पावसाळ्यात दोनदा ॲडमिट करावं लागलं. डॉक्टरांनी दमा असल्याचं सांगून रोज घ्यायचा पंप लिहून दिला. त्यानंतर नणंदेनं फोनवर एक बातमी पाठवली की सिझेरियनच्या मुलांना दम्याचा धोका 20 टक्क्यांनी जास्त असतो. तेव्हापासून रात्री जागून मी असलंच वाचत बसते. एका वहीत अकरा कारणं लिहून काढली आहेत: माझं सिझर झालं, मी सहाव्या महिन्यात तापाच्या गोळ्या घेतल्या, मी त्याला पहिल्या वर्षात चारदा अँटिबायोटिक दिलं, मी चौथ्या महिन्यात कामावर रुजू झाले आणि वरचं दूध सुरू केलं, वगैरे. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात दमा कुणालाच नाही. (यांना सकाळी उठल्यावर पंधरा-वीस शिंका येतात, तेवढंच.) सासरे सिगारेट ओढतात, पण गॅलरीत, दार लावून. पंपाची सवय लागेल म्हणून त्याला बरं वाटलं की मी पंप बंद करते. पोटातल्या जिवाणूंची एक महागडी तपासणी निघाली आहे म्हणे, ती करावी का? दुसऱ्या मुलाचा विचार करावा की नाही? आणि मुख्य म्हणजे, या अकरांपैकी नेमकं कशामुळे झालं?

उत्तर:

ताई, बाकीचं सगळं नंतर. आधी पंप.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. मूल खेळत-बागडत असलं तरी ती थोडीफार राहतेच. रोजच्या पंपातलं औषध ती सूज हळूहळू उतरवतं. म्हणजे त्याला बरं वाटतं ते पंप चालू आहे म्हणून, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही तो थांबवता. मग पुढच्या सर्दीला सुजलेल्या नळ्या पुन्हा आवळतात आणि मध्यरात्री रिक्षा शोधायची वेळ येते. या पंपाची सवय लागत नाही. त्यात स्टेरॉईड असतं हे खरं, पण ते मायक्रोग्रॅममध्ये, आणि जातं थेट छातीत. त्याचा एक दुष्परिणाम मी लपवणार नाही. अशी मुलं वर्षानुवर्षं पाहत राहून झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, रोज पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी 1.2 सेंटीमीटर कमी भरली. एका पारड्यात तो सव्वा सेंटीमीटर आणि दुसऱ्यात पावसाळ्यात दोनदा दवाखान्यात भरती झालेलं मूल ठेवलंत, तर कोणतं जड हे तुम्हालाच कळेल. डोस कमी करता येतो, पण तो डॉक्टर करतील. साधारण तीन महिने दमा आटोक्यात राहिला की ते स्वतःच उतरवायला घेतात. पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच द्या आणि नंतर चूळ भरायला लावा. हे आजपासून.

आता तुमची वही.

ती मी पाहिलेली नाही, पण पत्रात तुम्ही त्यातली जी वाक्यं लिहिलीत ती मी दोनदा वाचली. प्रत्येक वाक्यात ‘मी’ किंवा ‘माझं’. आणि त्याच पत्रात सासऱ्यांची सिगारेट आहे, नवऱ्याच्या शिंका आहेत, पण कंसात, ‘पण’ लावून, ‘तेवढंच’ म्हणून. त्या वहीत गेलेल्या दिसत नाहीत. का? तुम्ही चुकून विसरलात असं मला वाटत नाही. जे तुम्ही वाचलंत त्यातच आई ठळक अक्षरांत असते आणि बाकीचं घर बारीक अक्षरांत.

मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक वैद्यक विभागात बरीच वर्षं होते. मुलांच्या आजारांचे सर्व्हे केले, दारोदार जाऊन फॉर्म भरले. त्या फॉर्मवर आईसाठी तीन पानं असायची आणि वडिलांसाठी वय, शिक्षण, व्यवसाय एवढ्या तीन ओळी. कारण साधं होतं: दुपारी घरी आई भेटायची, दवाखान्यात मुलाला घेऊन आईच यायची. जिच्याबद्दल विचारलं तिच्याबद्दल माहिती साठली, आणि जिच्याबद्दल माहिती साठली तिच्याच वागण्यात धोके ‘सापडले’. वडिलांबद्दल कुणी तीन पानं विचारलीच नाहीत. हे मला कळायलाही बरीच वर्षं गेली, आणि ते फॉर्म बनवणाऱ्यांत मीही होते.

त्याच सर्व्हेतल्या एका वाड्यातली गोष्ट. समोरासमोरच्या दोन खोल्या. एकीतल्या बाईचं मूल सतत आजारी. तिला विचारलं, गरोदरपणात काही औषधं घेतली होती का? ती दहा मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, “नागपंचमीच्या दिवशी डोकं फार दुखत होतं, तेव्हा एक गोळी घेतली होती. अर्धी. नाही, एकच.” तिच्या डोळ्यांत पाणी. समोरच्या खोलीतल्या बाईचं मूल ठणठणीत, अंगणात गोट्या खेळत होतं. तोच प्रश्न. “काही नाही हो,” म्हणत ती तांदूळ निवडत राहिली. तिनं गोळ्या घेतल्या नव्हत्या का? नक्कीच घेतल्या असतील. तिला आठवायचं काही कारणच नव्हतं. पण कागदावर काय उतरलं? आजारी मुलाच्या आईनं औषध घेतलं, निरोगी मुलाच्या आईनं नाही.

आठवणीवर आधारलेल्या संशोधनाला हा खड्डा असतोच, आणि चांगले संशोधक तो ओळखून असतात. 1950 च्या दशकात ॲलिस स्ट्युअर्ट या ब्रिटिश डॉक्टरीणबाईंनी कॅन्सरनं गेलेल्या मुलांच्या आयांना विचारून दाखवलं की पोटाचे एक्स-रे काढलेल्या गरोदर बायकांच्या मुलांत कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे. तेव्हा आक्षेप हाच आला, की या दुःखी आया जास्त आठवत असतील. 1962 मध्ये अमेरिकेत ब्रायन मॅकमेहन यांनी आठवण बाजूला ठेवून हॉस्पिटलच्या नोंदी तपासल्या, आणि वाढ तिथेही साधारण 40 टक्क्यांची निघाली. स्ट्युअर्टबाई बरोबर होत्या. गरोदर बाईचा एक्स-रे आज डॉक्टर हात राखून काढतात, त्यामागे हे काम आहे. म्हणून मी तुम्हाला ‘संशोधन सगळं खोटं’ असं सांगणार नाही. माझं आयुष्य त्यात गेलंय. पण कोणता पुरावा किती तावूनसुलाखून निघालाय, हे नणंदेच्या फोनवरच्या दोन ओळींत कळत नाही.

आता तो 20 टक्क्यांचा आकडा. तो खोटा नाही. 2008 मध्ये 23 अभ्यास एकत्र करून कुणी हिशेब केला, त्यात तो आला. पण 20 टक्के म्हणजे सिझरच्या शंभर मुलांपैकी वीस जणांना दमा, असं तुमच्या मनानं घेतलंय. तसं नाही. समजा, नॉर्मल डिलिव्हरीच्या शंभर मुलांत पाच जणांना दमा होतो. पाचाचे वीस टक्के एक. म्हणजे सिझरच्या शंभर मुलांत सहा. त्या सहांपैकी पाच जणांना तो तसाही झालाच असता, आणि उरलेलं एक मूल कोणतं ते कुठल्याही तपासणीत दिसत नाही. हेसुद्धा, तो एक सिझरमुळेच वाढला असं धरून चाललं तर! सिझर होतं त्या बाळंतपणांत बाळ लवकर काढावं लागणं, आईला बीपी किंवा साखर असणं, कळा देताना बाळ गुदमरणं, असं बरंच काही आधीच असतं. दोष सुरीचा की ज्या कारणानं सुरी उचलावी लागली त्याचा, हे वेगळं करणं फार कठीण. तुमचं सिझर का झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. हौसेनं तर नक्कीच झालं नसेल.

अँटिबायोटिकचं कोडं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्या वर्षात अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांना पुढे दमा जास्त दिसतो, हे जगभर आढळलं. मग शंका आली, की उलटं तर नाही ना? दमा होणाऱ्या बाळाला पहिल्या वर्षीच घरघर लागते. आई घाबरून डॉक्टरांकडे नेते. छाती भरलीय म्हणून डॉक्टर अँटिबायोटिक देतात. दम्याचं नाव चार वर्षांनी पडतं. कागदावर औषध आधी, आजार नंतर. पण खरं तर आजार आधीच सुरू झालेला! 2014 मध्ये स्वीडनमधल्या जवळजवळ 4 लाख 94 हजार मुलांच्या नोंदींवर हे तपासलं गेलं. युक्ती साधी होती. अँटिबायोटिकच गुन्हेगार असेल, तर ते लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलं काय किंवा त्वचेच्या फोडांसाठी दिलं काय, दमा सारखाच वाढायला हवा. तसं झालं नाही. छातीच्या आजारासाठी दिलेल्या औषधांशी नातं घट्ट निघालं, बाकीच्यांशी खूप सैल. शिवाय एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एकाला औषध मिळालेलं, एकाला नाही. तेव्हा नातं आणखी विरलं.

तुमच्या वहीतली ती चार अँटिबायोटिकं बहुधा दम्याची पहिली चार पत्रं होती, ताई. तुम्ही ती दवाखान्यात पोचवलीत, एवढाच तुमचा ‘गुन्हा’. अर्थात साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नये हे खरंच, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

तापाच्या गोळ्यांचं तसंच. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेतून पॅरासिटामॉल आणि ऑटिझमची बातमी आली तेव्हा माझ्याकडे किती घाबऱ्या मुलींचे फोन आले! त्याही बाबतीत स्वीडनमध्येच 24 लाख 80 हजार मुलांचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला होता. वरवर पाहता गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांत दहाव्या वर्षापर्यंत ऑटिझमचं प्रमाण 1.53 टक्के आणि न घेतलेल्यांत 1.33 टक्के. सख्ख्या भावंडांची तुलना केली आणि तोही फरक नाहीसा झाला. सख्ख्या भावंडांचं घर एक, आई एक, रक्त पुष्कळसं एक, म्हणून असली तुलना जास्त बोलते. दम्याच्या बाबतीतही प्रश्न तोच: गोळी की ज्यासाठी ती घेतली तो ताप? सहाव्या महिन्यात अंगात ताप ठेवून बसणं पोटातल्या बाळाला अधिक वाईट. तुम्ही गोळी घेतलीत ते बरोबर केलंत.

चौथ्या महिन्यात कामावर जाणं मी ओलांडून जाते. बाळाला घरी ठेवून पान्हा आलेला असताना काउंटरवर बसलेली बाई वहीत स्वतःचं नाव लिहिते, याचंच मला वाईट वाटतं.

आता उलट बाजूनं पाहू. 1990 च्या दशकात मुलांच्या दम्याची एक प्रचंड पाहणी झाली. 56 देशांतली 155 केंद्रं, 13 ते 14 वर्षांची 4 लाख 63 हजारांहून जास्त मुलं. आपल्याकडची पुणे, मुंबई आणि अकोला ही केंद्रंही त्यात होती. एकच प्रश्नावली सगळीकडे. निष्पन्न असं झालं की दमा, ॲलर्जीची सर्दी आणि इसब यांच्या लक्षणांचं प्रमाण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वीसपटीपासून साठपटीपर्यंत बदलतं. कुठे लोक घरघरीला काय म्हणतात यानं थोडा फरक पडत असेल, पण वीसपट? दोन शहरांतल्या आयांच्या मायेत, काळजीत किंवा निष्काळजीपणात वीसपट फरक असू शकत नाही. हवा, घरं, धूर, राहणी, संसर्ग, यांतच तो शोधावा लागतो. एका आईच्या वहीत मावणारी ही गोष्टच नाही.

आणि जे खरोखर आईच्या शरीराशी बांधलेलं असतं, तेही तिच्या एकटीचं कुठे असतं? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन जेमतेम 2.7 किलो. ज्या गरोदर बायकांच्या ताटात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त होतं त्यांची बाळं वजनदार. ज्यांना शेतात आणि घरात जास्त राबावं लागत होतं त्यांची बाळं लहान. हे वाचून ‘आईनं दूध प्यायलं नाही’ असं लिहिता येईल. पण गोठ्यात गाय असताना दूध डेअरीला जातं, उरलेलं आधी कुणाच्या पेल्यात पडतं आणि पहाटे हंडे कुणाच्या डोक्यावर असतात, हे आपल्या खेड्यांत वाढलेल्या कुणाला सांगायला नको. तुमच्या गरोदरपणातली जी ‘दगदग’ तुम्ही लिहिली असेल, ती कुणी कमी करू शकलं असतं का, हा प्रश्न वहीत घाला. नाहीतर ती ओळ खोडा.

घराण्यात दमा कुणालाच नाही, या सासूबाईंच्या वाक्याकडे येते. रोज सकाळी पंधरा-वीस शिंका, हा बहुधा ॲलर्जीचा सर्दीविकार. दमा, अशा शिंका आणि लहानपणीचा इसब ही एकाच कुळातली भावंडं; ॲलर्जीची प्रवृत्ती घराण्यातून उतरते, प्रत्येकात वेगळ्या रूपात. म्हणजे दमा नाही म्हणून रक्तात काही नाही, असं होत नाही. पण आता नवऱ्यासाठी दुसरी वही उघडू नका. शिंका त्यांनी ठरवून आणलेल्या नाहीत, त्यांनाही त्या अशाच कुठून तरी मिळाल्यात. ही माहिती फक्त डॉक्टरांपर्यंत पोचायला हवी, कारण तिचा उपचारात उपयोग होतो.

धूर मात्र आजही सुरू आहे, आणि त्याबद्दलचा पुरावा सिझरच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. गॅलरीचं दार लावून धूर अडत नाही. फटीतून येतो, शर्टाला चिकटून येतो, आणि आजोबा आत येऊन नातवाला मांडीवर घेतात. त्यांना हे सुनेनं सांगितलं तर भांडण होईल. त्यांच्या मुलानं, म्हणजे तुमच्या नवऱ्यानं सांगावं, त्याहून चांगलं म्हणजे डॉक्टरांनी, आजोबांना समोर बसवून. “बाबा, तुमच्यामुळे झालं” असं कुणी म्हणू नका. “बाबा, तुम्ही सोडलीत तर त्याचे झटके कमी होतील” एवढंच. माझ्या अनुभवात आजोबा नातवासाठी असं काही सोडतात जे स्वतःच्या छातीसाठी सोडत नाहीत. एकदम सुटणार नसेल तर निदान बिल्डिंगच्या खाली, आणि वर आल्यावर शर्ट बदलून हात धुऊन मग नातू.

डासांची कॉइल आजच बंद करा, मच्छरदाणी लावा. धूप आणि उदबत्ती तो झोपतो त्या खोलीत नको. सासूबाईंना देवघर बंद करायला कुणी सांगत नाहीये, तेवढी दहा मिनिटं तो दुसऱ्या खोलीत खेळू दे. भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर त्याचा पलंग त्या भिंतीपासून हलवा आणि ओलीचं काम या उन्हाळ्यात करून घ्या. शाळेत बाईंना सांगून ठेवा आणि झटक्याच्या वेळचा पंप दप्तरात असू द्या, कसा द्यायचा ते लिहून. फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्या: रोज काय, खोकला वाढला तर काय, आणि कधी थेट हॉस्पिटल गाठायचं. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, यांतलं काहीही दिसलं तर वाट पाहायची नाही.

जिवाणूंची ती तपासणी करू नका. तिच्या निकालावरून दम्याचा एकही औषधोपचार बदलत नाही. ते पैसे ओलीच्या कामात घाला.

दुसरं मूल. त्याला दम्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असेल, कारण घरात प्रवृत्ती आहे. पण दम्याचं मूल शाळेत जातं, धावतं, पोहतं, मोठं होतं, आपल्यासारखंच जगतं. तुम्हा दोघांना हवं असेल तर या भीतीनं थांबू नका. आधीपासून फॉलिक ॲसिड घ्या, घर तोवर धुराविना झालेलं असू द्या, आणि ताप आला तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. हवं नसेल तरी चालेल, फक्त ते ‘मी पुन्हा चुकीन’ म्हणून नसावं.

नणंदेला उत्तर द्यायची गरज नाही. फार वाटलं तर पाचाचे सहा कसे होतात तो हिशेब पाठवा.

वही मात्र टाकू नका, तिची पुढची पानं कोरी आहेत. उद्यापासून रोज एक ओळ: रात्री खोकला आला का, झटक्याचा पंप किती वेळा लागला, त्या दिवशी घरात धूर, धूळ, सर्दी काय होतं. डॉक्टरांना याचा खरा उपयोग होतो. महिनाभराच्या ओळी पाहून कशानं बिघडतं ते आपोआप दिसायला लागतं. दोन दिवसांआड ती ओळ मुलाच्या बाबांना लिहू द्या. आणि पुढच्या भेटीला त्यांनाही सुट्टी काढून सोबत न्या. सकाळच्या शिंकांचं डॉक्टरांना त्यांनीच सांगू दे.